वाळवी कुठे, कोणती आणि केव्हा: सह्याद्रीपासून देशापर्यंत

प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: कोकणातील जंगल, आंबा-काजूच्या बागा, देशावरील माळरान व शेती आणि राहती घरे या ठिकाणी वाळवीच्या प्रजाती वेगवेगळ्या असतात का, आणि पावसाळ्यात दिसेनाशी होणारी वाळवी मरते की आणखी कोठे जाते? जून ते ऑगस्ट या काळातील पाहणीवरून तिने ‘जंगलापेक्षा बागेत वाळवी अधिक’ असा निष्कर्ष काढला असून तो ग्राह्य धरावा का, असेही विचारले आहे.

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. हा निष्कर्ष ग्राह्य धरता येणार नाही. ऋतूप्रमाणे वाळवीत दिसणारा बदल हा मुख्यतः तिच्या जागेतला बदल असतो. ती असण्या-नसण्यातला नसतो. भर पावसात बागेतील उघडी जमीन, रचून ठेवलेली वाळकी लाकडे आणि ठळक वारुळे चटकन तपासून होतात. जंगलात त्याच वेळी वाळवी जाड ओंडक्यांच्या पोटात, उभ्या खुंटांत आणि मुळांच्या जाळ्यात पसरलेली असते व शोधणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही. म्हणजे पाहणीत जो फरक आला तो शोधण्यातील सोयीचा असण्याची शक्यता मोठी आहे. अधिवासांची तुलना करताना ऋतू आणि शोधण्याची पद्धत या दोन गोष्टी सोबत लिहिल्या नसतील, तर प्रजातींच्या यादीला फारसा अर्थ उरत नाही.

जगात वाळवीच्या सुमारे ३,००० प्रजातींची नोंद आहे आणि भारतात त्यांची संख्या ३०० च्या आसपास आहे. त्यांपैकी पिकांना किंवा घरांना उपद्रव देणाऱ्या प्रजाती थोड्याच. वाळवीचा पूर्वी स्वतंत्र गण मानला जात असे. २००७ नंतर मात्र ती झुरळांच्या गणातच मोडते, हे जनुकीय पुराव्यावरून सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. भारतीय प्रजातींची ओळख पटवण्याचा पाया भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या एम. एल. रुणवाल आणि ओ. बी. छोटाणी यांनी घातला आणि त्यांचे काम आजही हाताशी ठेवूनच नमुने तपासावे लागतात.

कोणत्या ठिकाणी कोणती वाळवी असेल हे समजून घ्यायचे असेल, तर ती काय खाते हे आधी पाहावे. काही प्रजाती सरळ लाकूड खातात आणि आतड्यातील एकपेशीय जीवांच्या मदतीने ते पचवतात. काही प्रजाती लाकूड, पालापाचोळा व शेणाचे तुकडे गोळा करून वारुळात बुरशीची बाग वाढवतात. काही वाळके गवत तोडून नेतात. काही प्रजाती थेट मातीतील कुजलेले सेंद्रिय द्रव्य खातात, आणि अधिवासाला धक्का लागला की सर्वांत आधी नाहीशी होणारी वाळवी हीच. जंगल तोडून जमीन उघडी केली, वरची माती तापली आणि कुजकट थर वाहून गेला की माती खाणाऱ्या प्रजातींना तेथे टिकाव धरता येत नाही. लाकूड खाणाऱ्या आणि बुरशी वाढवणाऱ्या प्रजाती मात्र बदललेल्या जागेतही तग धरतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी किती प्रजाती आहेत यापेक्षा त्या कोणत्या आहार-गटातील आहेत हे पाहिले, तर त्या जागेची अवस्था जास्त नेमकी कळते.

सह्याद्रीचा विचार करताना उत्तर आणि दक्षिण वेगळी धरावी लागतात. पाऊस दोन्हीकडे भरपूर आहे. कोकणपट्टीत वर्षाला २,५०० ते ३,५०० मिलिमीटर आणि घाटमाथ्यावर काही ठिकाणी ५,००० मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. पण महाराष्ट्रात हा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. केरळाकडे कोरडा काळ बराच तोकडा होतो. माती खाणाऱ्या वाळवीला वरच्या थरात दीर्घकाळ ओल हवी असते, त्यामुळे डायकस्पिडिटर्मिससारखे माती खाणारे वंश केरळ-कर्नाटकातील सदाहरित जंगलांत चांगले भेटतात आणि आपल्याकडच्या निमसदाहरित जंगलांत बुरशी वाढवणाऱ्या वाळवीचे वर्चस्व जाणवते. वर्षभरातील एकूण पावसापेक्षा कोरड्या महिन्यांची संख्या वाळवीच्या बाबतीत अधिक बोलकी असते, असे माझे मत आहे. उंचीचाही परिणाम होतो. जसजसे वर चढत जावे तसतशी जमीन थंड होते आणि प्रजाती कमी होत जातात.

कोकणात देवराया हा या अभ्यासासाठी फार मोलाचा अधिवास आहे. तेथे पडलेले झाड उचलून नेण्याची प्रथा नसते, त्यामुळे काल पडलेल्या फांदीपासून पार भुसभुशीत झालेल्या ओंडक्यापर्यंत लाकडाच्या सगळ्या अवस्था एकाच ठिकाणी मिळतात आणि प्रत्येक अवस्थेला वेगळी वाळवी लागते. ताज्या कठीण लाकडात कॉप्टोटर्मिस सापडेल, अर्धवट कुजलेल्या लाकडात मायक्रोसेरोटर्मिस किंवा नासुटिटर्मिस, आणि ओंडक्याखालच्या ओल्या मातीत ओडोंटोटर्मिसचे कामकरी, म्हणजे अन्न गोळा करणारी व बांधकाम करणारी वाळवी. शेजारच्या काजूच्या बागेत झाडोरा साफ केलेला असतो, लाकूड जळणाला गेलेले असते आणि उरते ती बहुतेक ओडोंटोटर्मिस व मायक्रोटर्मिस या बुरशी वाढवणाऱ्या वंशांची वाळवी. बागेत वारुळे मोठी आणि ठळक दिसतात म्हणून तेथे वाळवी ‘जास्त’ वाटते. खरे पाहता तेथे थोड्या प्रजातींच्या मोठ्या वसाहती असतात.

आंब्याच्या खोडावर मातीचे पापुद्रे चढलेले दिसले की बागायतदार घाबरतात. मोठ्या, निरोगी झाडावर वाळवी बहुतेक वेळा सालीचा बाहेरचा मेलेला थर खात असते. पापुद्रा बोटाने सोलून खालची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवा-पांढरा जिवंत थर शाबूत असेल तर झाडाला धोका नाही. कोवळ्या कलमांची गोष्ट निराळी. तेथे मुळे व बुंधा पोखरला जाऊ शकतो आणि अशा वेळी उपाय करणे आवश्यक असते.

देशावर आल्यावर चित्र पालटते. मुरमाड माळरानावर, जिथे पवन्या-कुसळीसारखी गवते उभी वाळतात, तिथे ट्रायनर्व्हिटर्मिस बायफॉर्मिस ही गवत खाणारी वाळवी आढळते. तिच्या शिपायांच्या, म्हणजे वसाहतीचे रक्षण करणाऱ्या वाळवीच्या, डोक्याला पुढे निमुळते नाकाड असते आणि त्यातून ते चिकट द्रव फवारतात. शिपाई मोठे व छोटे अशा दोन आकारांचे असतात. कामकरी तिन्हीसांजेनंतर जमिनीवर उघड्यावर येऊन गवताचे तुकडे तोडतात, त्यामुळे दिवसा पाहणी करणाऱ्याच्या यादीत ही वाळवी बऱ्याचदा येतच नाही. खोल काळ्या जमिनीच्या नांगरल्या शेतात उभे वारूळ क्वचितच दिसते, कारण माती पावसाने फुगते, उन्हाने फाटते आणि त्यावर दरवर्षी नांगर फिरतो. पण बांधावर, ओढ्याच्या काठावर आणि लाल-मुरमाड तुकड्यांत ओडोंटोटर्मिस ओबेससची कंगोरेदार, उंच वारुळे उभी असतात.

शेतातील खरी वाळवी जमिनीखाली असते. मायक्रोटर्मिस ओबेसी वारूळ बांधत नाही; तिची बुरशीची छोटी-छोटी पोळी जमिनीत विखुरलेली असतात. उसाच्या लागणीनंतर ती बेण्याच्या कापलेल्या टोकांतून आणि डोळ्यांतून आत शिरते, आतला गाभा खाते आणि पोकळीत माती भरून ठेवते. उगवण का झाली नाही म्हणून बेणे उकरले की त्याच्या आत गच्च माती सापडते. भुईमुगात ती सोटमूळ पोखरते आणि शेंगेच्या टरफलावरील मऊ भाग कुरतडते. शेंगेला पडलेल्या या ओरखड्यांतून अस्पर्जिलस बुरशी आत शिरते आणि दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष तयार होण्याचा धोका वाढतो. हे नुकसान शेतात डोळ्यांना दिसत नाही म्हणून अधिक गंभीर आहे. जिरायती गव्हात ओंब्या अवेळी पांढऱ्या पडतात आणि झाड ओढले की अलगद हातात येते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, अर्धवट कुजलेले शेणखत टाकलेल्या शेतात आणि धसकटे तशीच राहिलेल्या जमिनीत हा उपद्रव वाढतो. ओलिताखालच्या शेतात तो कमी राहतो, कारण पाण्याने संपृक्त जमिनीत वाळवीला बोगदे टिकवता येत नाहीत आणि जोमदार पिकाला ती सहसा हात लावत नाही.

घरांबाबत थोडक्यात सांगतो. जमिनीतून मातीच्या नळ्या चढवत चौकटीपर्यंत येणारी वाळवी आणि जमिनीशी संबंध न ठेवता लाकडातच संपूर्ण आयुष्य काढणारी कोरड्या लाकडाची वाळवी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कॉप्टोटर्मिस, हेटेरोटर्मिस व ओडोंटोटर्मिस येतात. दुसरीत क्रिप्टोटर्मिस येते आणि किनारपट्टीच्या दमट हवेत ती विशेष फोफावते. कपाटाखाली खसखशीएवढ्या, भिंगातून सहा बाजूंच्या दिसणाऱ्या विष्ठेच्या कणांची रास पडलेली आढळली, तर ती कोरड्या लाकडाची वाळवी समजावी. तिला जमिनीत औषध टाकून काहीही फरक पडत नाही.

आता ऋतूंकडे येतो. वाळवीची त्वचा मऊ व पातळ असते आणि कोरड्या हवेत तिच्या अंगातील पाणी झपाट्याने उडते. तिचे सगळे वर्षभराचे वेळापत्रक या एका अडचणीभोवती आखलेले आहे. मार्च ते मे या काळात वरची जमीन तापते व सुकते, तेव्हा कामकरी खालच्या थरांत उतरतात, रात्री किंवा पहाटे वर येतात आणि खोलवरून ओली माती आणून तिच्याच आडोशाने अन्नापर्यंत पोहोचतात. दुपारी माळरानावर फिरणाऱ्याला वाटते की येथे वाळवी नाही. त्याच जागी जड दगड उलटला किंवा शेणाची जुनी गोवरी उचलली तर खाली ओलसर बोगद्याचे तोंड सापडते. याच महिन्यांत वारुळाच्या आत पंखवाल्यांची, म्हणजे बाहेर पडून नवी वसाहत वसवणाऱ्या नर-मादींची, पिढी तयार होत असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या पाठीवर पंखांचे कोंब दिसतात आणि मेअखेरीस पूर्ण वाढलेले, गडद रंगाचे पंखवाले आत पावसाची वाट पाहत थांबलेले असतात.

वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्यांचे उड्डाण होते. ओडोंटोटर्मिसच्या वारुळावर हे जवळून पाहण्यासारखे असते. आधी कामकरी वारुळाच्या अंगाला किंवा आसपासच्या जमिनीला चिरांसारखी तोंडे पाडतात, शिपाई जबडे बाहेर करून त्या कडांवर उभे राहतात आणि मग पंखवाले एकमेकांना ढकलत बाहेर येऊन लगेच हवेत जातात. चिमण्या, कोतवाल, पाली, बेडूक, मुंग्या यांची झुंबड उडते आणि बहुतेक पंखवाले तेथेच संपतात. जे वाचतात ते जमिनीवर पंख टाकतात, मादीच्या मागे नर चालू लागतो आणि ओल्या मऊ जमिनीत जोडी छोटे घर खणते. वेगवेगळ्या प्रजातींची उड्डाणाची वेळ वेगळी असते. कोणी तिन्हीसांजेला, कोणी पहाटे. त्यामुळे पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत दिव्याखाली गोळा केलेले नमुने त्या परिसरातील प्रजातींची चांगली कल्पना देतात. मात्र दिव्यावर आलेला पंखवाला कोणत्या अधिवासातून आला हे सांगता येत नाही, म्हणून असे नमुने अधिवासांच्या तुलनेत धरू नयेत.

जुलै-ऑगस्टच्या संततधारेत खोडांवरील मातीचे पापुद्रे धुऊन जातात, वरच्या मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात आणि बोगदे ढासळतात. कामकरी वारुळाच्या उंच भागात, उभ्या वाळक्या खुंटांत, ओंडक्यांच्या आतल्या कोरड्या गाभ्यात राहतात. प्रश्नातील ‘दिसेनाशी होणारी’ वाळवी येथे असते. याच काळात बुरशीच्या बागांतून टर्मिटोमायसिसची, म्हणजे वाळवी वाढवते त्याच बुरशीची, अळंबी जमिनीवर उगवतात. कोकणात आणि गोव्यात ती आवडीने खाल्ली जातात आणि गोवा विद्यापीठातील नंदकुमार कामत यांनी त्यांचा दीर्घ अभ्यास केला आहे. सर्वेक्षकाच्या दृष्टीने ही अळंबी उपयोगी खूण आहे: जेथे वारूळ दिसत नाही आणि तरीही दरवर्षी त्याच जागी अळंबी उगवतात, तेथे जमिनीखाली बुरशी वाढवणाऱ्या वाळवीची जिवंत वसाहत आहे असे खात्रीने लिहिता येते. वारूळ उभे असूनही ते सोडून दिलेले असेल, तर त्यातील बागेवर झायलेरिया या दुसऱ्या बुरशीचे काळसर, काडीसारखे कोंब माजतात. जिवंत वसाहतीत कामकरी ही बुरशी दाबून ठेवतात.

सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ वाळवी दिसण्याचा. जमिनीत ओल आहे, पण पाणी तुंबलेले नाही. पालापाचोळा पडू लागला आहे. ऊन सौम्य आहे. अशा वेळी खोडांवर, गळालेल्या पानांवर, वाळल्या गवतावर मातीचे थर झपाट्याने पसरतात. पानगळीच्या जंगलात डिसेंबरमध्ये साग आणि ऐनाच्या बुंध्यांवर पुरुषभर उंचीपर्यंत पापुद्रे चढलेले असतात. वर्षातून एकदाच पाहणी करणे शक्य असेल, तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी, असे मी सांगेन. ऋतुबदलच अभ्यासायचा असेल, तर त्याच पट्ट्यांवर निदान तीन वेळा, म्हणजे मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये, जावे लागेल.

वारूळ स्वतः ऋतूंचा मारा कसा सौम्य करते याबद्दल आता चांगली मोजमापे उपलब्ध आहेत. २०१५ मध्ये हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी दक्षिण भारतातील ओडोंटोटर्मिस ओबेससच्या वारुळांतील हवेचा प्रवाह मोजला. दिवसा बाहेरचे पातळ कंगोरे तापतात, त्यांतील हवा वर चढते आणि मधल्या भागातून खाली येते. रात्री कंगोरे निवतात व प्रवाह उलटा होतो. आत साचलेला कार्बन डायऑक्साइड मुख्यतः या रात्रीच्या प्रवाहाने बाहेर पडतो. म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक हे वारुळाच्या श्वसनाचे इंधन आहे. देशावरील हिवाळ्यात हा फरक मोठा असतो आणि भर पावसाळ्यात ढगांमुळे तो अगदी कमी होतो, ही गोष्ट पावसाळी नोंदी वाचताना लक्षात ठेवावी.

तापमानाचा प्रश्न पुढच्या काळात अधिक महत्त्वाचा ठरणार आहे. एमी झॅन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगातील १३३ ठिकाणी लाकडाचे तुकडे ठेवून पाहिले. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की वाळवीचे लाकूड शोधणे व खाणे ६.८ पटींहून अधिक वाढते, तर सूक्ष्मजीवांमुळे होणारे कुजणे दुपटीपेक्षाही कमी वाढते, असे त्यांना आढळले. सह्याद्रीच्या माथ्यावर आज थंडीमुळे वाळवी कमी असलेल्या पट्ट्यांच्या नियमित नोंदी आत्तापासून ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

पद्धतीबद्दल. जोन्स आणि एगल्टन यांची २००० मध्ये प्रसिद्ध झालेली पट्टा-पद्धत आजही सर्वांत तुलनायोग्य आहे: १०० मीटर लांब व २ मीटर रुंद पट्टा, त्याचे ५ मीटरचे २० भाग, आणि प्रत्येक भागात दोघांनी अर्धा-अर्धा तास शोध. पालापाचोळा, ओंडके, साल, वारुळे, झाडाचा २ मीटरपर्यंतचा भाग आणि ठरावीक आकाराचे १२ मातीचे ठोकळे हे सर्व तपासायचे असते. वाळवीचे जीव मोजत बसू नये. एका भागात एक प्रजाती सापडली तर ती एक नोंद, मग तेथे दहा कामकरी असोत की दहा हजार. ही पद्धत दाट उष्ण कटिबंधीय जंगलांसाठी तयार झाली आहे, त्यामुळे माळरानावर व शेतात ती अपुरी पडते. तेथे तिच्या जोडीला मऊ लाकडाच्या खुंट्या किंवा गुंडाळलेल्या पुठ्ठ्याची आमिषे जमिनीत पुरून दर महिन्याला पाहावीत आणि एक फेरी सूर्यास्तानंतर घालावी. प्रत्येक वेळी १० सेंटिमीटर खोलीवरील मातीचे तापमान आणि ओल नोंदवावी, कारण ‘हिवाळा’ या शब्दापेक्षा हे दोन आकडे वाळवीच्या वर्तनाचे अधिक खरे स्पष्टीकरण देतात.

नमुन्यात शिपाई असलेच पाहिजेत. कामकऱ्यांवरून वंशही ओळखणे कठीण जाते, तर शिपायाच्या डोक्यावर नजर टाकली की बरेच काही कळते. ओडोंटोटर्मिसच्या डाव्या जबड्यावर ठळक दात असतो. कॉप्टोटर्मिसचे डोके थेंबाच्या आकाराचे असून चिमट्यात धरताच त्याच्या कपाळावरील छिद्रातून दुधासारखा पांढरा द्रव येतो. क्रिप्टोटर्मिसचे डोके पुढून चपटे व काळे, बोगद्याचे तोंड बुचासारखे बंद करण्याजोगे. ओडोंटोटर्मिसच्या जवळच्या प्रजातींत मात्र जबड्यावरील दाताची जागा आणि डोक्याची लांबी-रुंदी मोजूनही संशय उरतो; तेथे नमुना ‘ओडोंटोटर्मिस, प्रजाती अनिश्चित’ असाच नोंदवावा आणि शक्य असल्यास मायटोकॉन्ड्रियातील जनुकांची तपासणी करून घ्यावी. नमुने ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. डीएनए काढायचा असेल तर त्याच वसाहतीतील काही जीव शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवावेत आणि दोन्ही कुप्यांवर एकच क्रमांक पेन्सिलीने लिहावा, कारण शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

जून-ऑगस्टच्या विद्यमान नोंदी टाकून देऊ नयेत. त्या ‘पावसाळी नोंदी’ म्हणून ठेवाव्यात, त्याच पट्ट्यांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा पाहणी करावी आणि जंगलातील प्रत्येक पट्ट्यात हाताच्या मनगटाहून जाड असे निदान काही ओंडके फोडून तपासावेत. वारुळे फोडण्याची गरज नाही. अंगाला बोटभर खरवडले की काही मिनिटांत शिपाई स्वतः बाहेर येतात आणि ती जखम कामकरी बहुधा एक-दोन दिवसांत बुजवतात. राखीव जंगलात नमुने घेण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी काढावी. देवराईत गावकऱ्यांची संमती घ्यावी, आणि गावात पूजेची म्हणून राखलेली वारुळे कोणती हे आधी विचारून ती पाहणीतून वगळावीत.